सुई गळ्यात, लक्ष नाडीवर

आवाज बसला की कोल्हापुरात माणूस आधी ज्येष्ठमध चघळतो, मग मिठाच्या गुळण्या करतो, मग मेडिकलमधून चघळायच्या गोळ्या आणतो. आठ-दहा दिवसांत बहुतेकांचा घसा सुटतो. ज्यांचा सुटत नाही, त्यांत वर्गात दिवसभर बोलणाऱ्या बाई असतात, मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांत ओरडणारे असतात, तालमीत पोरांवर आवाज टाकणारे वस्ताद असतात, देवल क्लबात रियाज करणारे गायक असतात. या गावाला गेलेल्या आवाजाची मोठी गोष्ट ठाऊक आहे. राजर्षी शाहूंच्या दरबाराचे गवई उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज तरुणपणीच अतिगायनानं बसला. तो परतला, पण पूर्वीसारखा राहिला नाही. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, आणि पुढं जयपूर-अत्रौली घराणं त्याच गायकीनं ओळखलं गेलं, असं संगीताचे अभ्यासक मानतात. खाँसाहेबांच्या गळ्यात नेमकं काय बिघडलं होतं हे सांगणारं साधन तेव्हा नव्हतं. आज आहे, आणि त्याचीच अनेकांना भीती वाटते.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली की पडद्यावर दोन स्वररज्जू दिसतात. काहींच्यात एक रज्जू नीट उघडमीट करतो आणि दुसरा जागचा हलत नाही. तो का हलत नाही, हे मात्र दुर्बिणीला सांगता येत नाही. मज्जातंतूकडून हुकूमच येत नसेल, किंवा हुकूम येतोय पण रज्जू फिरवणारा बारीक सांधा जाम झाला असेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र वेगळे आहेत. हा फरक कळण्यासाठी स्वरयंत्राच्या स्नायूंची ईएमजी करतात. केसासारखी बारीक सुई मानेच्या पुढच्या बाजूनं स्नायूत घालायची आणि स्नायूत उठणारी वीज मोजायची. ती वीज पडद्यावर रेघांत दिसते आणि स्पीकरवर ऐकूही येते. निरोगी स्नायू विसाव्यात जवळपास गप्प असतो; रुग्णानं ‘ई’ लावला की पत्र्यावर सर कोसळावी तसा आवाज येतो. तंतू तुटलेला असेल तर विसाव्यातही स्नायू आपोआप तडतडतो. ही तडतड सुरू व्हायला दुखापतीनंतर दोन-तीन आठवडे जावे लागतात, म्हणून तपासणी सहसा महिन्यानंतर आणि सहा महिन्यांच्या आत करतात. स्वरयंत्राच्या स्नायूंतली वीज अशी मोजल्याचं वेडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये नोंदवलं. म्हणजे तपासणी नवी नाही. पण तिला घशाचा डॉक्टर आणि मज्जातंतूंचा जाणकार असे दोघे एकत्र लागतात, त्यामुळं ती सगळीकडे होत नाही.

गळ्यात सुई म्हटल्यावर रुग्णाचा पहिला प्रश्न दुखेल का, हा असतो. वय पन्नाशीपुढं असेल तर लगेच दुसरा येतो: मला हार्टचा त्रास आहे, चालेल का? हा दुसरा प्रश्न अगदी रास्त आहे. सुई गळ्यात गेली तरी ती ज्या मज्जातंतूच्या मुलखात जाते, त्याची सत्ता हृदयावरही चालते.

हा तंतू मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी दहावा, व्हेगस. आवाजाचे स्नायू हलवणाऱ्या त्याच्या शाखा मानेतच फुटून स्वरयंत्रात गेल्या असत्या तर गोष्ट सोपी होती. एक छोटी शाखा तशी जाते, आणि स्वर चढवताना रज्जू ताणणारा स्नायू तिच्या ताब्यात असतो. बाकीचे बहुतेक स्नायू ज्या शाखेवर चालतात, ती आधी खाली उतरते. उजवीकडची शाखा हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला वळसा घालून परत वर येते. डावी आणखी खाली, छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि मग वर गळ्याकडे परतते. म्हणजे डाव्या स्वररज्जूला जाणारा प्रत्येक हुकूम हृदयाच्या अगदी शेजारून जातो. गॅलेन या वैद्यानं दुसऱ्या शतकात किंचाळणाऱ्या डुकराच्या या शाखा कापून दाखवल्या होत्या. डुक्कर धडपडत राहिलं, पण त्याचा आवाज बंद झाला.

याच व्हेगसच्या दुसऱ्या फांद्या हृदयाला लगाम घालतात. १८४५ मध्ये एर्न्स्ट आणि एडुआर्ट या वेबर बंधूंनी प्राण्यांत हा तंतू विजेनं चेतवला तेव्हा हृदयाचे ठोके मंदावले. तंतू चेतवल्यावर अवयवाचं काम वाढेल अशी तेव्हाची समजूत होती. इथं ते कमी झालं. घशाची तपासणी आणि हृदयाचा हा लगाम एकाच माणसाच्या कामात एकत्र आले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकानं १८५४ मध्ये छोट्या आरशात स्वतःचे स्वररज्जू पाहिले. तो आरसा कृत्रिम उजेडाची जोड देऊन दवाखान्यात रुळवला योहान चेर्माक या शरीरशास्त्रज्ञानं. याच चेर्माकनं १८६६ मध्ये नोंदवलं की मानेच्या बाजूला दाब दिला की नाडी मंद होते. त्यामागचं नेमकं कारण पुढं विसाव्या शतकात उलगडलं. मानेतली मोठी धमनी जिथं दुभंगते, साधारण कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर, तिथं तिच्या भिंतीत रक्तदाब जोखणारं ठाणं असतं. बाहेरून दाबलं की रक्तदाब वाढल्याचा त्याचा समज होतो आणि ते व्हेगसमार्फत हृदयाला सावकाश घ्यायला सांगतं.

ईएमजीची सुई त्या ठाण्याकडे जात नाही. ती मध्यरेषेपासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर अंतरावर, कंठमण्याच्या खालच्या खाचेतून आत जाते. धमनी तिथून बरीच बाजूला असते. पण स्वरयंत्र सरकू नये म्हणून डॉक्टर ते बोटांनी धरतात, आणि सुई काढल्यावर रक्त थांबवायला दाबही देतात. उतारवयातल्या माणसाचं, विशेषतः धमन्या कडक झालेल्या पुरुषाचं हे ठाणं फार हळवं असू शकतं. शर्टाची कॉलर घट्ट झाली किंवा दाढी करताना मान वळवली तरी डोळ्यांपुढं अंधारी येणारी माणसं असतात. तुम्ही त्यांतले असाल तर ती गोष्ट क्षुल्लक समजू नका, तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. मग हात मध्यावरच ठेवता येतो. मानेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दाबायच्या नाहीत, हे तर डॉक्टरांना शिकतानाच सांगितलेलं असतं.

स्वरयंत्राच्या आतल्या अस्तरालाही व्हेगसच्याच शाखेची संवेदना आहे. तिथं काही टोचलं की खोकला येतो, क्वचित रज्जू गच्च मिटतात आणि नाडीही उतरू शकते. लहान मुलांत हा प्रतिसाद जास्त जोरकस असतो. मोठ्या माणसात बहुधा नुसता खोकला येतो. तेव्हा सुई बाहेर घ्यायची, माणसाला श्वास घेऊ द्यायचा आणि मग पुन्हा सुरू करायचं.

प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळा घडते ती साधी भोवळ. रक्त काढताना ज्यांना गरगरतं, त्यांना होतो तोच हा प्रकार. भीती, वेदना किंवा नुसतं सुईचं दर्शन यानं आधी नाडी धावते, मग व्हेगस एकदम लगाम ओढतो आणि त्याच वेळी रक्तवाहिन्या सैल पडतात. नाडी मंद, रक्तदाब खाली, मेंदूला रक्त कमी. सर थॉमस लुईस यांनी १९३२ मध्ये हृदय आणि रक्तवाहिन्या या दोन्ही बाजू ध्यानात घेऊन या भोवळीला आजचं वैद्यकीय नाव दिलं. तिची चाहूल आधी लागते: जांभया, मळमळ, दरदरून घाम, कानात गुंई, चेहरा पांढराफटक. इथं एक अडचण आहे. एरवी रुग्ण ‘डॉक्टर, कसंतरी होतंय’ असं म्हणतो. या तपासणीत तो मान मागं टाकून पडलेला असतो, गळ्यात सुई असते आणि त्याला बोलू नका असं सांगितलेलं असतं. म्हणून आधीच खूण ठरवून घ्यावी. कसंतरी झालं की डावा हात वर, एवढं पुरतं. हात वर झाला की सुई बाहेर, माणूस सपाट, पाय उंच. बहुतेक जण मिनिटा-दोन मिनिटांत सावरतात. नाडी सावरत नसेल तर ॲट्रोपिन शिरेतून देतात. ते व्हेगसचा लगाम तात्पुरता सैल करतं.

उपाशीपोटी, तहानलेल्या आणि रात्रभर जागलेल्या माणसाला ही भोवळ लवकर येते. नुसत्या ईएमजीला कडकडीत उपाशी राहायची गरज नसते. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दोन-तीन तास आधी हलकं खाऊन जावं. मंगळवारचा किंवा शुक्रवारचा उपास असेल तर दुसरा दिवस मागून घ्या. मधुमेही माणसानं तर गोळी घेऊन उपाशी जाऊच नये. साखर उतरल्याचा घाम आणि भोवळीचा घाम दिसायला सारखाच असतो, आणि मग खोलीतले सगळे चुकीच्या गोष्टीमागं लागतात.

कोल्हापूरसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. इथं तालमीत घडलेली माणसं पुष्कळ आहेत. वर्षानुवर्षं पळणाऱ्या, जोर-बैठका काढणाऱ्या माणसाची विसाव्यातली नाडी पन्नासच्या खाली असू शकते, आणि ती त्याची निरोगी नाडी असते. कुस्तीत गळ्याला मार बसून आवाज बिघडलेला पैलवान तपासणीला आला आणि मॉनिटर सुरुवातीपासूनच मंद नाडीचा इशारा देऊ लागला, तर घाबरायचं कारण नाही. पण अशा शरीरात व्हेगस मुळातच जोरकस असतो, त्यामुळं भोवळ येऊ शकते. धिप्पाड गडी आहे, त्याला काय होतंय, असं समजू नये. त्याची नेहमीची नाडी किती, हे सुई घालण्याआधी लिहून ठेवावं, म्हणजे उतरली तर किती उतरली ते कळतं.

पेसमेकरबद्दलची भीती मोठी असली तरी बहुतांशी गैरसमजातून आलेली आहे. ईएमजीची सुई शरीरातली वीज ऐकते, शरीरात वीज सोडत नाही. नुसत्या सुईच्या तपासणीनं पेसमेकरला बाधा येत नाही. तिच्या जोडीला कधी मज्जातंतूला बाहेरून बारीक झटके देऊन पाहतात, उदाहरणार्थ स्नायू लवकर थकवणाऱ्या मायस्थेनिया या आजाराची शंका असेल तेव्हा. तिथं मात्र वीज आत जाते. छातीत नीट बसवलेल्या पेसमेकरला नेहमीच्या पद्धतीनं दिलेल्या त्या झटक्यांचा सहसा उपद्रव होत नाही. पण यंत्राच्या जवळ झटके देत नाहीत, आणि शॉक देणारं आयसीडी यंत्र असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञाशी बोलतात. बाहेरून तात्पुरती पेसिंगची तार हृदयात घातलेल्या रुग्णाला मात्र हे झटके देत नाहीत, कारण ती तार विजेला थेट हृदयाची वाट देते. पेसमेकर बसवताना मिळालेलं छोटं कार्ड पुष्कळ घरांत कपाटाच्या तळाशी जातं. तपासणीला जाताना ते शोधून सोबत न्यावं.

भुलीच्या औषधाचा हिशेबही हृदयाशी येऊन भिडतो. सुईपुरती कातडी बधिर करायला लिग्नोकेन अगदी थोडं लागतं. पण दुर्बीण घालताना किंवा स्वरयंत्रात औषधाचं इंजेक्शन देताना घशात फवाराही मारतात. दहा टक्क्यांच्या फवाऱ्याच्या एका दाबात १० मिलिग्रॅम लिग्नोकेन येतं. इंजेक्शनसाठीची नेहमीची मर्यादा वजनाच्या दर किलोला साधारण साडेचार मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या बाईला सव्वादोनशे. वीस फवाऱ्यांतच २०० होतात, आणि घशाचं ओलं अस्तर ते झपाट्यानं शोषून घेतं. जास्त झालं तर आधी ओठांना मुंग्या, कानात आवाज, मग आकडी, आणि टोकाला हृदयाची लय बिघडणं. म्हणून चांगला डॉक्टर फवारे मोजतो. भुलीत ॲड्रेनलिन मिसळलेलं असेल तर नाडी धावू शकते. लय बिघडण्याचा जुना त्रास असलेल्यानं तसं सांगावं. आणि घसा बधिर असेपर्यंत, साधारण तासभर, चहाचा घोटही नको. तो श्वासनलिकेत उतरेल.

यापुढची गोष्ट मला सर्वांत काळजीची वाटते. तारीख मिळाली की माणूस घरी येऊन रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करतो. गळ्यात सुई जाणार, रक्त थांबलं नाही तर काय, असा त्याचा विचार असतो. हेतू चांगला आहे, पण त्यात जीव जाऊ शकतो. नुकताच स्टेंट बसवलेल्या माणसानं ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सोडलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. धातूची झडप बसवलेल्यानं वॉर्फरिन किंवा त्याच्या जातीची गोळी सोडली तर झडप अडकू शकते किंवा गुठळी मेंदूत जाऊ शकते. या बारीक सुईनं होणारा रक्तस्राव बहुधा कातडीखाली डाग पडण्याइतकाच असतो. गळ्यात रक्त साचून श्वासनलिका दबणं फार विरळ आहे, पण अशक्य नाही, म्हणून काळजी घ्यायचीच. वॉर्फरिन चालू असेल तर आधी रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आयएनआर तपासायचा, तो ठरलेल्या पट्ट्यात आहे ना ते पाहायचं, सुईची टोचणी कमीत कमी ठेवायची, काढल्यावर मध्यावर काही मिनिटं हलका दाब धरायचा. गोळी थांबवायची की नाही हे हृदयरोगतज्ज्ञ आणि घशाचे डॉक्टर मिळून ठरवतील; पुष्कळदा ते चालू ठेवा असंच सांगतात. त्या दोघांचं बोलणं होत नसेल तर रुग्णानं एकाची चिठ्ठी दुसऱ्याला नेऊन द्यावी. आपल्याकडे एका डॉक्टरची फाईल दुसऱ्याच्या टेबलावर आपोआप पोचत नाही.

रक्तदाबाची गोळीही त्या सकाळी नेहमीप्रमाणं घ्यायची. ती चुकवून, घाबरून आलेल्या माणसाचा दाब १८०/११० च्या वर गेलेला असतो, आणि मग तातडीची नसलेली तपासणी पुढं ढकलावी लागते.

आता उलट बाजू. आवाजाची तपासणी करताना हृदयाची काळजी घ्यायची हे झालं. पण कधी कधी आवाजच हृदयाचा आजार सांगत असतो. व्हिएन्नातल्या नॉर्बर्ट ऑर्टनर या डॉक्टरानं १८९७ मध्ये असे रुग्ण नोंदवले, ज्यांचा आवाज हृदयाच्या झडपेमुळं गेला होता. आपल्याकडे ही साखळी लहानपणीच्या घशापासून सुरू होते. पोराचा घसा जंतूंनी सुजतो, उपचार अर्धवट राहतो, काही आठवड्यांनी सांधे सुजवणारा ताप येतो आणि जाताना हृदयाच्या झडपेवर घाव करून जातो. वर्षानुवर्षं ती डावी झडप आकसत जाते, तिच्या मागचा कप्पा फुगतो. मग त्या फुगलेल्या कप्प्याच्या आणि ताणलेल्या फुप्फुस-धमनीच्या रेट्यात महाधमनीच्या कमानीखालून जाणारा तो डावा तंतू दबतो, आणि चाळिशीतल्या बाईचा आवाज घोगरा होतो. ती घशाच्या डॉक्टरकडे जाते, कारण दुखणं तिला घशात दिसतं. जिना चढताना लागणारी धाप तिनं वय आणि वजनाच्या खात्यात टाकलेली असते.

हिच्या बाबतीत वर सांगितलेलं सगळं एकत्र येतं. फुगलेल्या कप्प्यामुळं हृदयाची लय बहुधा अनियमित असते. लय अनियमित म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू असते, किंवा असायला हवी असते. उताणं झोपवलं तर तिला धाप लागते, म्हणून डोकं उंच ठेवून तपासणी करावी लागते. ईएमजीची सुई उचलण्याआधी तिला इको आणि छातीचा फोटो काढायला सांगणं हे चांगल्या डॉक्टरचं लक्षण. महाधमनीचा फुगा, फुप्फुसाचा कर्करोग, क्षयाच्या गाठी, थायरॉईडची शस्त्रक्रिया अशा इतर कारणांनीही हा तंतू दुखावतो; डावा रज्जू विनाकारण बंद पडलेला असेल तर छाती पाहिल्याशिवाय पुढं जाऊ नये. आणि घरातल्या पोराचा घसा तापासह दुखत असेल, डॉक्टरांनी पेनिसिलिनचा कोर्स दिला असेल, तर तो शेवटच्या गोळीपर्यंत पुरा करा. चाळिशीतला एक आवाज तिथंच वाचतो.

दोन्ही रज्जू अडलेले असतील तर मात्र नियम बदलतात. तेव्हा श्वासाची फट मुळातच अरुंद असते. थोडीशी सूज किंवा रज्जूंचा आवळा आला तरी प्राणवायू घटतो, आणि प्राणवायू घटला की हृदय मंद होऊ लागतं. अशी तपासणी भूलतज्ज्ञ, प्राणवायू आणि श्वासनलिकेत नळी घालायची सोय हाताशी असलेल्या रुग्णालयातच करायची, छोट्या क्लिनिकमध्ये नाही. साध्या रुग्णासाठीही खोलीत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, रक्तदाबाचा पट्टा, पलंग सपाट करायची सोय, सक्शन, प्राणवायू आणि ॲट्रोपिनसह तातडीची औषधं असावीत. ऑक्सिमीटरचा आवाज चालू ठेवावा, कारण डॉक्टरांची नजर ईएमजीच्या पडद्यावर असते आणि नाडी त्यांना कानांनीच कळणार असते. इतकं आहे का, हे विचारायला रुग्णानं संकोचू नये.

तपासणी संपल्यावर लगेच ताडकन उठू नका. आधी पाच मिनिटं बसा, मग उभे राहा, आणि स्वतः गाडी चालवत गावी परत निघू नका. गारगोटी-चंदगडकडून आला असाल तर सोबत माणूस आणा. गिळताना थोडं दुखणं आणि टोचल्या जागी निळसर डाग दोन-तीन दिवस राहिला तर घाबरू नका. पण मानेवर सूज वाढत असेल, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, थुंकीतून ताजं रक्त येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर फोन करून विचारत बसू नका. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय असो की जवळचं दुसरं मोठं रुग्णालय, तिथला अपघात विभाग गाठा आणि दारातच सांगा की आज गळ्यात सुई घालून तपासणी झाली आहे आणि रक्त पातळ करायची कोणती गोळी चालू आहे.